वळणावरचा स्वयंसेवक : ट्रायथलॉनच्या सायकल मार्गावरील सेवेचा परिचय

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकामागून एक, मध्ये वेळमोजणी न थांबवता पूर्ण करण्याच्या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात, आणि या तिन्ही टप्प्यांत सायकलचा टप्पा अंतराने व वेळेने सर्वांत मोठा असतो. ऑलिंपिकमध्ये २००० सालच्या सिडनी स्पर्धेपासून समाविष्ट झालेल्या प्रकारात १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते; हौशी स्पर्धकांमध्ये लोकप्रिय असलेल्या अर्ध-आयर्नमॅन प्रकारात हेच आकडे अनुक्रमे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर असे वाढतात. पोहण्याचा टप्पा एका जलाशयात आटोपतो आणि त्यावर होडीतून लक्ष ठेवता येते, धावण्याचा टप्पा बहुधा शहरातल्या एखाद्या छोट्या फेरीत बसवता येतो. सायकलचा मार्ग मात्र गावे, फाटे, पूल, गतिरोधक आणि चढउतार ओलांडत दूरवर जातो, आणि त्याच्या बहुतेक लांबीवर आयोजकाची नजर पोहोचू शकत नाही. तेथे आयोजकाच्या वतीने उभा असतो तो स्वयंसेवक, आणि त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातील दोनशे-तीनशे मीटरपुरती सारी स्पर्धा त्याच्याच भरवशावर चालते.

महाराष्ट्र आणि गोवा या भागात हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहून पुढे महामार्गावर सायकल चालवण्याच्या ‘लोहपुरुष’ आणि ‘बर्गमन’ या स्पर्धा भरल्या आहेत, नागपुरात ‘टायगरमॅन’ या नावाने अशी स्पर्धा झाली आहे, आणि २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन मालिकेतील अर्ध्या अंतराची स्पर्धा भारतात प्रथमच भरली, जी बिश्वरजित सायखोम या भारतीय स्पर्धकाने जिंकली. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये वयाच्या पन्नाशीत झुरिक येथील पूर्ण आयर्नमॅन पार केल्यावर मराठी घरांत या खेळाचे नाव पोहोचले, आणि त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केल्यावर लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीविषयी कुतूहल वाढले. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. या सर्वांच्या कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून अशा स्पर्धा शक्य करणाऱ्या माणसांवर फार थोडे लिहिले गेले, आणि ती उणीव खरोखरच भरून निघायला हवी.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सिंदखेडराजा ते मेहकर या जुन्या रस्त्यावर वसलेले बीबी हे गाव या विषयाकडे पाहण्यासाठी चांगली जागा आहे, कारण अशा गावातून जाणारा रस्ता हाच छोट्या स्थानिक स्पर्धेचा खरा सायकल मार्ग असू शकतो. समृद्धी महामार्ग याच तालुक्यांमधून गेला असला तरी त्यावर सायकलीला व दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे सायकलस्वाराला गावांना जोडणारे जुनेच रस्ते उरतात. पोहण्याच्या टप्प्याची अडचण मात्र येथे मोठी आहे: लोणारचे विवर-सरोवर क्षारयुक्त पाण्याचे, वन्यजीव अभयारण्याचे आणि २०२० पासून रामसर यादीत नोंदलेले, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून संरक्षित असलेले स्थळ असल्याने तेथे स्पर्धा घेण्याचा विचारही करू नये; देऊळगाव मही येथील खडकपूर्णा धरणाचा संत चोखामेळा सागर किंवा मेहकर तालुक्यातील पेनटाकळी धरण यांसारख्या जलाशयांवर पाटबंधारे खात्याची परवानगी आणि जीवरक्षकांची व्यवस्था या दोन्ही गोष्टी जमल्या तरच पुढचा विचार करता येतो. पाण्याची सोय नसलेल्या भागांत म्हणूनच ड्युएथलॉन, म्हणजे धावणे, सायकल आणि पुन्हा धावणे, हा प्रकार अधिक सोयीचा ठरतो. सायकल मार्गावरील स्वयंसेवकाचे काम दोन्हींत सारखेच राहते.

त्यातही एक गोष्ट बीबीच्या बाजूची आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते, आणि परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर अशा गावांतून शेगावकडे येते. सुमारे ७०० वारकऱ्यांची शिस्तबद्ध रांग रस्त्याच्या एका बाजूने चालत असताना दुसऱ्या बाजूने वाहने कशी सोडावीत, पाणी कुठे ठेवावे, थकलेल्याला सावलीत कसे बसवावे, गर्दीत लहान मुलांना रस्त्यापासून मागे कसे धरावे, हे या मार्गावरील गावांना कोणी प्रशिक्षण देऊन शिकवलेले नाही; पिढ्यांच्या सवयीने ते त्यांच्या अंगी आले आहे. सायकल स्पर्धेसाठी लागणारे निम्मे कौशल्य हेच आहे. उरलेले निम्मे मात्र वेगळे आहे, कारण वारकरी चालतो आणि स्पर्धक ताशी ३५ किलोमीटर वेगाने येतो.

हा वेग समजून घेतल्याशिवाय बाकी काहीच समजत नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. स्वयंसेवकाने वळणाची खूण स्पर्धक ५० मीटरवर असताना केली, तर स्पर्धकाजवळ ती पाहायला, ओळखायला, ब्रेक दाबायला आणि सायकल वळवायला एकूण पाचच सेकंद असतात. त्यातही लांब पल्ल्याच्या स्पर्धेतील पुष्कळ जण हँडलला जोडलेल्या पुढे आलेल्या दांड्यांवर कोपरे टेकून, वाकून सायकल चालवतात. या बैठकीमुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो, परंतु हात ब्रेकपासून दूर राहतात आणि नजर सहसा पुढच्या काही मीटर डांबरावर खिळलेली असते. म्हणून खूण लवकर, मोठी आणि एकसारखी हवी. हात खांद्याच्या रेषेत पूर्ण पसरून ज्या दिशेला वळायचे त्या दिशेकडे दाखवणे, तोच हात शेवटपर्यंत न हलवणे, आणि सोबत ‘डावीकडे’, ‘सरळ’, ‘हळू’ असा एकच शब्द मोठ्याने उच्चारणे, एवढेच पुरे असते. दोन्ही हात हलवून उत्साहाने प्रोत्साहन देणारा स्वयंसेवक दिसायला आनंददायक असला, तरी लांबून येणाऱ्याला तो थांबायला सांगतो आहे की पुढे जायला, हे कळत नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे परत फिरण्याचे ठिकाण, ज्याला स्पर्धेच्या भाषेत ‘यू-टर्न’च म्हणतात. तेथे स्पर्धकाला जवळजवळ थांबून, अरुंद रस्त्यावर १८० अंशांत वळावे लागते. मागून येणारा वेगात असतो, समोरून दुसऱ्या फेरीतला जात असतो, आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला बहुधा बारीक खडी साचलेली असते. स्पर्धा सुरू होण्याच्या आधी खराट्याने ती खडी झाडून काढणे हे स्वयंसेवकाचे पहिले काम आहे, आणि अपघात टाळण्यात त्याचा वाटा शिट्टीपेक्षा मोठा आहे. याच ठिकाणी स्पर्धकांच्या पाठीवरील किंवा सायकलवरील क्रमांकांची नोंद ठेवावी लागते. प्रत्येकाच्या घोट्याला बांधलेली वेळमापक चिप रस्त्यावर अंथरलेल्या चटईवरून गेली की वेळ आपोआप नोंदली जाते. पण चटई सर्वत्र नसते, चिप कधी गळून पडते, आणि स्पर्धक खरोखर टोकापर्यंत जाऊन आला का, हा वाद निकालाच्या वेळी उभा राहिला तर वहीतले क्रमांक आणि त्यांच्यापुढची वेळ हाच पुरावा उरतो. दोन माणसांनी हे काम वाटून घ्यावे, एकाने क्रमांक वाचावा आणि दुसऱ्याने लिहावा. एकट्याने दोन्ही करू गेल्यास नजर वहीत अडकते आणि रस्ता सुटतो.

पाणी देण्याच्या ठाण्यावरची गोष्ट वेगळी असते. ९० किलोमीटरच्या मार्गावर अशी ठाणी साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतराने ठेवतात, शक्यतो सपाट किंवा हलक्या चढावर, जेथे सायकलचा वेग आपोआप कमी होतो. उतारावर ठाणे ठेवणे हा आयोजकाचा दोष असतो आणि त्याची शिक्षा स्वयंसेवक व स्पर्धक दोघांना भोगावी लागते. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने ठाणे डाव्या कडेला असते. सुरुवातीला पाणी, मग क्षारयुक्त पेय, मग केळी आणि शेवटी पुन्हा पाणी, असा क्रम ठेवला म्हणजे पहिल्यांदा बाटली हुकलेल्याला दुसरी संधी मिळते. बाटली देणाऱ्याने हात पूर्ण लांबवून, बाटलीचा मधला भाग मोकळा राहील अशी सैल पकड ठेवावी, आपल्याजवळ काय आहे ते ‘पाणी, पाणी’ असे ओरडून सांगावे, स्पर्धकाच्या डोळ्यांकडे पाहून तो आपल्याचकडे येतो आहे याची खात्री करावी, आणि त्याचा हात लागताच बाटली सोडून द्यावी. सायकलच्या दिशेने चार पावले बरोबर धावल्यास दोघांच्या वेगातला फरक कमी होतो आणि हाताला बसणारा झटका हलका होतो. बाटली घट्ट धरून ठेवणारा स्वयंसेवक नकळत स्पर्धकाला खाली ओढतो, म्हणूनच हे काम लहान मुलांकडे देऊ नये, मग गावातल्या शाळेची कितीही इच्छा असो. मुलांनी टेबलाच्या मागे उभे राहून बाटल्या भराव्यात, केळी सोलून अर्धी करावीत आणि टाळ्या वाजवाव्यात. ठाण्याच्या पुढे काही अंतरापर्यंत रिकाम्या बाटल्या टाकण्याची जागा आखलेली असते, आणि त्याबाहेर कचरा टाकणाऱ्यास शिक्षा होते. त्या जागेतल्या बाटल्या पुढच्या चाकाखाली येण्याआधी उचलणे हेही काम कोणाच्या तरी नावावर स्पष्ट लिहिलेले असावे लागते.

आज हे सारे स्वाभाविक वाटत असले तरी सुरुवातीला असे नव्हते. या खेळाची आधुनिक सुरुवात २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरातल्या मिशन बे या उपसागरावर झाली. तेथे ४६ जणांनी भाग घेतला होता, आणि शेवटच्या पोहणाऱ्यांना अंधारात किनारा दिसावा म्हणून मोटारींचे दिवे लावावे लागले होते. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली, तेव्हा १५ जण निघाले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. मार्गावर सार्वजनिक पाण्याची ठाणी नव्हती, प्रत्येकाने आपला मदतनीस सोबत आणायचा होता. जॉन डनबार हा स्पर्धक आघाडीवर असताना त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी धावण्याच्या टप्प्यात संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर याने त्याला मागे टाकून स्पर्धा जिंकली. प्रत्येकाची मदत ज्याच्या त्याच्या कुवतीवर सोपवली की निकाल अंगबळाइतकाच मदतनिसांच्या पिशवीवर अवलंबून राहतो, हे त्या दिवशी दिसून आले. आज त्याच मालिकेतील हवाईच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सुमारे ५,००० स्वयंसेवक राबतात, आणि बाहेरच्या माणसाकडून मदत घेणे नियमाने निषिद्ध असते. स्वयंसेवकाने दिलेले पाणी सर्वांना समान मिळते. म्हणजे तहान भागवण्याबरोबरच तो स्पर्धेतला न्यायही सांभाळत असतो.

या न्यायाच्या मर्यादा स्वयंसेवकाला ठाऊक असायला हव्यात. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून राहिल्यास वाऱ्याचा अडथळा कमी होऊन शक्तीची मोठी बचत होते. याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात आणि लांब पल्ल्याच्या हौशी स्पर्धेत ते निषिद्ध असते. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर राखावे लागते, आणि ओलांडायचे असल्यास त्या पट्ट्यात शिरल्यापासून २५ सेकंदांत ओलांडावे लागते. एखादा घोळका एकमेकांच्या आडोशाने जाताना स्वयंसेवकाला दिसला तरी शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही. तो मोटारसायकलवरून फिरणाऱ्या पंचांचा आहे. स्वयंसेवकाने क्रमांक व वेळ कळवावी आणि थांबावे. तसेच चढावर दमलेल्या स्पर्धकाला मागून ढकलणे हा आपल्याकडे सहृदयतेचा भाग वाटतो, मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला लोक गोळा होत आले आहेत आणि तो उत्साह मौल्यवानच आहे. परंतु ट्रायथलॉनमध्ये एक हात लागला तरी त्या स्पर्धकाची मेहनत बाद ठरू शकते. प्रेमाने केलेले साह्य एखाद्याचे वर्षभराचे श्रम वाया घालवते, यासारखी वाईट वाटण्याजोगी गोष्ट नाही.

वाहतुकीच्या बाबतीत मर्यादा याहून कडक आहेत. भारतातील बहुतेक छोट्या स्पर्धा पूर्णपणे बंद केलेल्या रस्त्यावर होत नाहीत. एसटी, ट्रॅक्टर, ट्रक, दुचाकी आणि बैलगाड्या सुरूच असतात. वाहन अडवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, स्वयंसेवकाचा नाही. तो फक्त विनंती करू शकतो. म्हणूनच फाट्यावर, विशेषतः शेतातून येणारी वाट मुख्य रस्त्याला मिळते अशा जागी, त्या गावातलाच माणूस उभा असावा, हा आग्रह धरणे योग्य आहे. शहरातून बसने आणून प्रत्येक फाट्यावर उतरवलेली महाविद्यालयीन मुले कितीही उत्साही असली, तरी कोणत्या वाटेने सकाळी दुधाची गाडी येते, कोणत्या घरची गुरे किती वाजता सुटतात, कोणता चालक थांबेल आणि कोणाला नावाने हाक मारावी लागेल, हे त्यांना माहीत नसते. ‘काका, गाडी जराशी कडेला घ्या, सायकली येऊ राहिल्या’ एवढे वाक्य गावच्या तोंडून आले तर ट्रॅक्टर थांबतो. तेच वाक्य शिट्टी वाजवून हुकमाच्या सुरात आले तर भांडण होते. खरीप काढणीच्या दिवसांत या भागात रस्त्याच्या कडेवर सोयाबीन वाळत घातलेले असते, आणि त्या दाण्यांवर सायकलचे अरुंद चाक सहज घसरते. शेतकऱ्याने ते उचलावे असे स्पर्धेच्या सकाळी सांगणे अन्यायाचे आहे. त्यासाठी आयोजकाने आठवडाभर आधी घरोघर जाऊन बोलले पाहिजे, नाहीतर तारीखच बदलली पाहिजे. रस्ता आधी त्या गावाचा आहे आणि मग स्पर्धेचा.

अपघात झाल्यावर स्वयंसेवकाची खरी परीक्षा होते, आणि येथे नैसर्गिक प्रवृत्ती बऱ्याचदा चुकीची असते. पडलेल्या माणसाकडे धावत जाऊन त्याला उठवणे हा पहिला विचार मनात येतो. करायचे असते ते याच्या उलट. तेथल्या दोन स्वयंसेवकांपैकी एकाने आधी मागे, येणाऱ्या सायकलींच्या दिशेने, तीस-चाळीस मीटर जाऊन हात वर करून ‘हळू’ असा इशारा द्यावा, म्हणजे एकाच्या अंगावर दुसरा येऊन आदळत नाही. दुसऱ्याने जखमीजवळ बसावे, त्याला हलवू नये, हेल्मेट काढू नये, मान स्थिर ठेवायला सांगावे, आणि वैद्यकीय पथकाला किलोमीटर, रस्त्याची बाजू व स्पर्धकाचा क्रमांक या तीन गोष्टी कळवाव्यात; पथक दूर असल्यास १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर संपर्क करावा. डोक्याला मार लागलेला स्पर्धक अनेकदा लगेच उठतो आणि पुढे जाऊ द्या म्हणून आग्रह धरतो. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे त्याला नीट देता आली नाहीत, तर डॉक्टर येईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवणे हेच त्याच्या भल्याचे असते. रस्त्यावरील जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीस मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण दिले आहे, त्यामुळे पोलिसी चौकशीच्या भीतीने मागे राहण्याचे कारण उरलेले नाही; ही माहिती प्रत्येक स्वयंसेवकाला आधीच्या सभेतच दिली पाहिजे.

या सेवेचा खरा कस शेवटच्या तासात लागतो. अर्ध-आयर्नमॅन स्पर्धेत सायकलचा टप्पा सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत संपवावा लागतो, या मुदतीला ‘कट-ऑफ’ म्हणतात. आघाडीचे स्पर्धक तीन तासांच्या आतच सायकलवरून उतरतात, तेव्हा छायाचित्रकार असतात, पाहुणे असतात, गर्दी असते. नंतरचे दोन-अडीच तास रस्ता हळूहळू रिकामा होत जातो, ऊन चढते, वाहनचालकांचा संयम संपतो, आणि तेव्हाच सर्वांत कमी अनुभवाचे, सर्वांत दमलेले, वळणावर तोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेले स्पर्धक येत असतात. म्हणून स्वयंसेवकांची पाळी अडीच-तीन तासांनी बदलणे, त्यांना सावली, नाश्ता आणि पुरेसे पाणी देणे, त्यांचा विमा उतरवणे, या गोष्टी आयोजकाने उपकार म्हणून नव्हे, सुरक्षेचा भाग म्हणून कराव्यात; एक टी-शर्ट आणि प्रमाणपत्र देऊन पाच तासांची एकाग्रता मागणे गैर आहे.

सर्वांच्या मागून एक वाहन येते, ज्यात मुदतीबाहेर गेलेल्या स्पर्धकांना आणि त्यांच्या सायकलींना घेतले जाते. ते वाहन गेल्याशिवाय आणि मुख्य केंद्रातून तसा निरोप मिळाल्याशिवाय कोणीही जागा सोडू नये, कारण मधला एक फाटा आधी मोकळा झाला की मागे राहिलेला एकटा स्पर्धक तेथे भलत्या वाटेला लागतो. त्यानंतर शंकू गोळा करायचे, बाटल्या व केळ्यांच्या साली पोत्यात भरायच्या, खुणेचे फलक काढायचे आणि क्रमांकांची वही सही करून द्यायची. त्या वहीच्या शेवटच्या पानावर कोणत्या खड्ड्यात चाके अडकली, कोणत्या वळणावर लोक सरळ निघून गेले, कोणत्या वेळी एसटी आणि सायकली एकाच पुलावर आल्या, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचा मार्ग आखणाऱ्याला त्या पानाइतकी उपयोगी माहिती दुसरीकडे मिळत नाही.